सर्टिफिकेट रिन्यू झालं, तरी साइट बंद का? शेल स्क्रिप्टने एसएसएल सांभाळण्याची पहिल्यापासूनची रीत

आमच्या गावच्या वाचनालयाची वेबसाइट मी हौसेने सांभाळतो. दर वर्षी दिवाळी अंकांची यादी तिच्यावर लागते आणि सभासद घरबसल्या अंक राखून ठेवतात. एका वर्षी वसुबारसेच्या सकाळी ग्रंथपाल काकूंचा फोन आला. “अरे, साइट उघडली की पानभर इशारा येतोय, तुमची माहिती चोरीला जाऊ शकते म्हणून. लोक मला विचारतायत, वाचनालयाला झालंय काय?”

मी सर्व्हरवर लॉगिन करून पाहिलं. साइटचं एसएसएल सर्टिफिकेट, म्हणजे ‘ही साइट याच डोमेनची’ असं ब्राउझरला पटवणारा ठराविक मुदतीचा दाखला, रिन्यू झालेलं होतं, तेही महिनाभर आधीच. स्क्रिप्टने वेळेवर नवी फाइल आणून फोल्डरमध्ये ठेवली होती. पण साइटची पानं लोकांना देणाऱ्या एनजिनएक्स या प्रोग्रामने सुरू होताना जी जुनी फाइल वाचली होती, तीच तो अजून लोकांना दाखवत होता. फाइल बदलली आहे, पुन्हा वाच, असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. रीलोडची एक कमांड दिली आणि साइट पूर्ववत झाली. तोवर सकाळचे तीन तास गेले होते आणि बऱ्याच सभासदांनी साइटवर भरवसा ठेवायचा की नाही याचा विचार सुरू केला होता.

फुकट सर्टिफिकेट कसं मिळवायचं हे सांगणारे लेख पुष्कळ आहेत. ते बहुतेक ‘सक्सेस’ हा शब्द पडद्यावर आला की थांबतात. खरी पडझड त्यानंतर होते, साठ-नव्वद दिवसांनी, आपण सगळं विसरून गेल्यावर. म्हणून या लेखात सर्टिफिकेट मिळवण्याला जेवढी जागा दिली आहे, त्याहून जास्त ते पोहोचवण्याला आणि त्यावर नजर ठेवण्याला दिली आहे.

एक सूचना आधीच करतो. कमांड मी इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या आणि आकडेही इंग्रजी. डॅश, तिरकी रेघ, उभी रेघ, टिंब ही चिन्हं मात्र जशीच्या तशी.

हे फुकट कसं काय मिळतं?

पूर्वी एका डोमेनच्या सर्टिफिकेटसाठी दर वर्षी पैसे मोजावे लागत. लहान संस्था, हौशी लेखक, शाळा हे सगळे त्यामुळे साध्या एचटीटीपीवरच राहिले. मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशन आणि मिशिगन विद्यापीठातल्या काही मंडळींनी मिळून इंटरनेट सिक्युरिटी रिसर्च ग्रुप ही ना-नफा संस्था उभी केली आणि तिच्यामार्फत लेट्स एन्क्रिप्ट सुरू झालं. घोषणा नोव्हेंबर २०१४ मध्ये झाली, सर्वांसाठी चाचणी स्वरूपात सेवा ३ डिसेंबर २०१५ ला खुली झाली. देणग्या आणि प्रायोजक यांच्यावर ती चालते.

फुकट देणं परवडतं याचं कारण मधे माणूस नाही. तुमचा सर्व्हर आणि त्यांचा सर्व्हर आपसात बोलतात. त्या बोलण्याच्या ठरलेल्या भाषेला ॲक्मी म्हणतात आणि मार्च २०१९ मध्ये ती इंटरनेटचं अधिकृत मानक झाली. बोलणं साधारण असं होतं. तुमची स्क्रिप्ट म्हणते, मला या डोमेनचं सर्टिफिकेट द्या. समोरून उत्तर येतं, डोमेन तुमचंच आहे हे दाखवा, ही खूण अमुक जागी ठेवा. स्क्रिप्ट खूण ठेवते, ते बाहेरून येऊन पाहतात, पटलं की सर्टिफिकेट देतात. सगळा मामला मिनिटभराचा.

यातून एक गोष्ट लक्षात घ्यावी. तपासली जाते ती फक्त डोमेनवरची मालकी. साइटच्या मागचा माणूस प्रामाणिक आहे की नाही हे कुणी पाहत नाही. बँकेच्या नावाशी मिळतंजुळतं डोमेन घेणाऱ्या भामट्यालाही हेच सर्टिफिकेट मिळतं. घरातल्या वडीलधाऱ्यांना ‘कुलूप दिसलं म्हणजे साइट खरी’ असं कुणी शिकवलं असेल तर ते आजच दुरुस्त करा. क्रोमने तर २०२३ मध्ये ते कुलपाचं चिन्हच काढून टाकलं.

सर्टिफिकेटची मुदत आत्ता ९० दिवसांची आहे, आणि ती आणखी आखडत चालली आहे. सर्टिफिकेट देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर कंपन्या यांच्या सामाईक मंचाने एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं की १५ मार्च २०२९ पासून कुणाचंही सार्वजनिक सर्टिफिकेट ४७ दिवसांपेक्षा जास्त चालणार नाही, मग ते विकतचं असो की फुकटचं. लेट्स एन्क्रिप्टने स्वतःसाठी त्याच्याही आधीची तारीख धरली आहे: फेब्रुवारी २०२८ पासून ४५ दिवस. म्हणजे हाताने रिन्यू करण्याची सवय ज्यांनी अजून जपली आहे, त्यांना ती सोडावीच लागेल.

शेल स्क्रिप्टच का?

या कामासाठी सर्वांत जास्त नाव घेतलं जातं ते सर्टबॉटचं. तो चांगलाच आहे. पण तो पायथनवर चालतो, आणि जुन्या किंवा लहान सर्व्हरवर पायथनच्या आवृत्त्यांचा गुंता सोडवण्यात नवख्या माणसाची संध्याकाळ जाते. ॲक्मी डॉट एसएच ही नील पँग यांनी लिहिलेली स्क्रिप्ट शुद्ध शेलमध्ये, म्हणजे टर्मिनलवरच्या कमांडच्या भाषेत, आहे. बॅश असो, डॅश असो की साधं एसएच, सगळीकडे चालते. ओपनएसएसएल आणि कर्ल किंवा डब्ल्यूगेट एवढं असलं की पुरे, आणि ते बहुतेक लिनक्सवर आधीच असतं. रूटचे, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य युजरचे, अधिकारही सक्तीचे नाहीत. घरातल्या राउटरवर, फायली साठवायच्या डब्यावर, स्वस्तातल्या सर्व्हरवर, सगळीकडे मी हीच वापरतो. डीहायड्रेटेड नावाची बॅशमधली आणखी एक सुटसुटीत स्क्रिप्ट आहे. एकदा हे तंत्र समजलं की तीही अवघड जाणार नाही. इथे आपण पहिलीच धरू.

सुरू करण्यापूर्वी

तीन गोष्टी हाताशी हव्यात: स्वतःचं डोमेन, त्या डोमेनचा ए रेकॉर्ड (हे नाव कोणत्या सर्व्हरचं ते सांगणारी डीएनएसमधली, म्हणजे इंटरनेटच्या नावपत्त्यांच्या वहीतली, नोंद) तुमच्या सर्व्हरच्या आयपीकडे वळवलेला, आणि सर्व्हरवर एसएसएचने (दूरच्या सर्व्हरचं टर्मिनल उघडणारं साधन) लॉगिन. साइट साध्या एचटीटीपीवर आधी उघडली पाहिजे. ती उघडत नसेल तर सर्टिफिकेटच्या मागे लागू नका, आधी ते सोडवा.

फायरवॉलमध्ये पोर्ट ८० (साध्या एचटीटीपीचं दार) आणि ४४३ (एचटीटीपीएसचं) दोन्ही उघडे ठेवा. ‘आता सगळं एचटीटीपीएसवर आहे, ८० कशाला?’ म्हणून ८० बंद करणारे पुष्कळ भेटतात. खूण तपासायला समोरचे लोक पोर्ट ८० वरच येतात. तिथून ४४३ कडे वळवलं तर चालतं, पण दारच बंद असेल तर रिन्यूअल फसतं, आणि ते कळतं दोन महिन्यांनी.

पायरी पहिली: स्क्रिप्ट बसवणं

कोणत्या युजरने बसवायची हे आधी ठरवा. साइट सांभाळणारा साधा युजर असेल तर त्याच्याच नावाने लॉगिन करून बसवा, रूट असेल तर रूट म्हणून. पण साध्या युजरने लॉगिन करून प्रत्येक कमांडआधी ‘सुडो’ (ती कमांड रूट म्हणून चालवणारा शब्द) लावत जाऊ नका. मग अर्ध्या फायली एकाच्या घरात आणि अर्ध्या दुसऱ्याच्या घरात पडतात आणि ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारा क्रॉन नेमका कुणाच्या नावाने चालतोय याचा पत्ता लागत नाही. स्क्रिप्टसुद्धा सुडो दिसला की टोकते.

कर्ल एचटीटीपीएस://गेट.ॲक्मी.एसएच | एसएच -एस ईमेल=तुमचा-ईमेल

‘ॲक्मी’ची अक्षरं ए, सी, एम, ई. ही कमांड तीन गोष्टी करते. तुमच्या होम फोल्डरमध्ये टिंबाने सुरू होणारा ‘.ॲक्मी.एसएच’ हा लपलेला फोल्डर बनवते, शेलमध्ये त्याच नावाचं टोपणनाव जोडते, आणि क्रॉनमध्ये रोजची एक ओळ घालते. टर्मिनल बंद करून पुन्हा उघडा, नाहीतर ‘कमांड सापडली नाही’ असं उत्तर येईल.

इंटरनेटवरून आलेली स्क्रिप्ट थेट चालवायला मन धजत नसेल तर ते योग्यच आहे. गिटहबवरून प्रत उतरवा, वाचा, मग ‘--इन्स्टॉल’ देऊन बसवा. जून २०२३ मध्ये याच स्क्रिप्टमध्ये एक गंभीर छिद्र सापडलं होतं: सर्टिफिकेट देणारा सर्व्हर तुमच्या मशीनवर हवी ती कमांड चालवू शकत होता, आणि एका सेवेने त्याचा तसा वापर केलाही होता. ३.०.६ या आवृत्तीत ते बुजवलं गेलं. तेव्हा जुनी प्रत कुठे पडून असेल तर ‘--अपग्रेड’ द्या आणि सोबत ‘--ऑटो-अपग्रेड’ जोडा, म्हणजे पुढचं ती स्वतः पाहील.

आता क्रॉन खरोखर लागला का ते पाहा. ‘क्रॉनटॅब -एल’ दिल्यावर ‘--क्रॉन’ असलेली एक ओळ दिसली पाहिजे. काही लहान सर्व्हरवर क्रॉन मुळातच बसवलेला नसतो. तो आधी बसवा, मग पुढे चला.

पायरी दुसरी: कुणाकडून घ्यायचं ते सांगणं

ऑगस्ट २०२१ पासून ही स्क्रिप्ट न सांगता झीरोएसएसएलकडे जाते. तेही फुकट देतात. पण मदत शोधताना बहुतेक उत्तरं लेट्स एन्क्रिप्ट गृहीत धरून लिहिलेली असतात, म्हणून नवख्याने तेच धरावं असं माझं मत आहे.

ॲक्मी.एसएच --सेट-डिफॉल्ट-सीए --सर्व्हर लेट्सएन्क्रिप्ट

पायरी तिसरी: आधी रंगीत तालीम, मग प्रयोग

लेट्स एन्क्रिप्टच्या काही मर्यादा आहेत. नेमक्या त्याच नावांच्या संचासाठी सात दिवसांत पाचच सर्टिफिकेटं मिळतात. तपासणी फसण्यालाही मर्यादा आहे: एका नावासाठी तासाला पाच वेळा. नवखा माणूस चुकत चुकत सहाव्यांदा कमांड मारतो आणि मग सगळं बरोबर करूनही त्याला थांबून राहावं लागतं. हे टाळायला त्यांनी तालमीसाठी वेगळा सर्व्हर ठेवला आहे. तिथून मिळणारं सर्टिफिकेट ब्राउझर मानत नाही, पण वाट बरोबर आहे की नाही ते कळतं.

ॲक्मी.एसएच --इश्यू --स्टेजिंग -डी एक्झाम्पल.कॉम -डी डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू.एक्झाम्पल.कॉम -डब्ल्यू /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल

‘-डी’नंतर डोमेन. दोन नावं हवी असतील तर दोनदा ‘-डी’. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू असलेलं आणि नसलेलं ही दोन वेगळी नावं आहेत, एक विसरलात तर त्या पत्त्यावर येणाऱ्याला इशारा दिसेल. ‘-डब्ल्यू’नंतर साइटच्या फायली जिथे आहेत तो फोल्डर. स्क्रिप्ट त्या फोल्डरात ‘.वेल-नोन’ आणि त्याच्या आत ‘ॲक्मी-चॅलेंज’ असे फोल्डर करून खुणेची फाइल ठेवते आणि काम झालं की काढून टाकते.

इथे फसलात तर बहुधा फोल्डर चुकलेला असतो. खात्री करायची सोपी रीत अशी: त्याच ‘ॲक्मी-चॅलेंज’ फोल्डरात हाताने एक छोटी मजकुराची फाइल ठेवा आणि मोबाइलवर, वायफाय बंद करून, ब्राउझरमध्ये तिचा पूर्ण पत्ता घाला. मजकूर दिसला तर लेट्स एन्क्रिप्टलाही दिसेल. टिंबाने सुरू होणारे फोल्डर लोकांना दाखवायचे नाहीत असा नियम अनेकांच्या एनजिनएक्समध्ये असतो. तो असेल तर ‘.वेल-नोन’पुरती सूट द्या.

तालीम जमली की तीच कमांड ‘--स्टेजिंग’ काढून, शेवटी ‘--सर्व्हर लेट्सएन्क्रिप्ट --फोर्स’ जोडून द्या. ‘--फोर्स’ का? कारण स्क्रिप्टच्या लेखी या डोमेनचं सर्टिफिकेट आत्ताच मिळालेलं आहे, ती पुन्हा मागणार नाही. आणि सर्व्हरचं नाव स्पष्ट सांगायचं, कारण तालमीचा पत्ता तिने या डोमेनच्या नोंदीत लिहून ठेवलेला असतो.

सर्व्हरवर साइटच नसेल, नुसतं मेलचं किंवा दुसरं काही काम असेल, तर ‘-डब्ल्यू’ऐवजी ‘--स्टँडअलोन’ द्यावं. स्क्रिप्ट पोर्ट ८० वर तात्पुरती स्वतःच उभी राहते. त्यासाठी सोकॅट नावाचं छोटं साधन लागतं आणि पोर्ट ८० मोकळं असावं लागतं.

पायरी चौथी: नवी फाइल सर्व्हरपर्यंत पोहोचवणं

वसुबारसेच्या सकाळी आमची साइट बंद पडली ती ही पायरी गाळल्यामुळे.

पडद्यावर सर्टिफिकेटच्या फायलींचे पत्ते दिसतात आणि हात शिवशिवतात की हेच पत्ते एनजिनएक्सच्या फाइलमध्ये लिहावेत. मीही तेच केलं होतं. ‘.ॲक्मी.एसएच’ फोल्डरातल्या फायली स्क्रिप्टच्या स्वतःच्या कामासाठी आहेत, त्यांची मांडणी पुढे बदलू शकते, असं स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनीच बजावून ठेवलं आहे. पण त्याहून मोठं कारण दुसरं आहे. पत्ता थेट दिला की स्क्रिप्टला कधी कळतच नाही की ही फाइल कोण वापरतंय, त्यामुळे बदलल्यावर ती कुणाला उठवायलाही जात नाही.

योग्य रीत अशी. आधी एक वेगळा फोल्डर करा, समजा ‘/ईटीसी/एनजिनएक्स/सर्ट्स’. मग ही कमांड, सगळी एकाच ओळीत:

ॲक्मी.एसएच --इन्स्टॉल-सर्ट -डी एक्झाम्पल.कॉम --की-फाइल /ईटीसी/एनजिनएक्स/सर्ट्स/की.पेम --फुलचेन-फाइल /ईटीसी/एनजिनएक्स/सर्ट्स/फुलचेन.पेम --रीलोडसीएमडी "सिस्टमसीटीएल रीलोड एनजिनएक्स"

ही कमांड फायली तिथे ठेवते, रीलोड करते, आणि तिचं खरं मोल म्हणजे हे सगळं लक्षात ठेवते. पुढे प्रत्येक रिन्यूअलनंतर क्रॉन स्वतःहून फायली त्याच जागी ठेवतो आणि तीच रीलोडची कमांड चालवतो. एकदाच द्यायची.

‘रीलोड’ म्हणालो, ‘रीस्टार्ट’ नाही. रीलोडमध्ये चालू असलेली पानं तुटत नाहीत. आणि समजा एनजिनएक्सच्या फाइलमध्ये कुणी चूक करून ठेवली असेल, तर रीलोड नाकारला जातो आणि जुनं चालू राहतं. रीस्टार्टमध्ये बंद पडलेला एनजिनएक्स पुन्हा उठतच नाही. अपाचे असेल तर त्याच्या सेवेचं नाव घाला. एकाच सर्टिफिकेटवर मेल सर्व्हरही चालत असेल तर दोन्ही रीलोड एकामागून एक लिहा. मेलचा विसर हमखास पडतो, आणि तो मोबाइलवरचं मेल ॲप रुसल्यावरच आठवतो.

साध्या युजरने स्क्रिप्ट बसवली असेल तर त्याला एनजिनएक्स रीलोड करायचा अधिकार नसतो. सगळे अधिकार देऊ नका. सुडोच्या नियमांत त्या युजरला फक्त ही एकच कमांड, पासवर्ड न विचारता, चालवू द्या. ज्या फोल्डरात फायली ठेवायच्या तोही त्याच्या मालकीचा करा.

की-फाइलबद्दल थोडं. ती तुमच्या घराची किल्ली आहे. रिकामी ‘की.पेम’ आधीच बनवून तिची परवानगी ६०० करून ठेवा, म्हणजे मालकाखेरीज कुणी वाचू शकणार नाही. स्क्रिप्ट आधीपासून असलेल्या फाइलची मालकी आणि परवानगी तशीच राखते. ती फाइल व्हॉट्सॲपवर, मेलवर, गिटमध्ये कधीही जाऊ देऊ नका. मित्राला ‘जरा बघ रे काय चुकतंय’ म्हणून पाठवायचीच असेल तर फुलचेन (तुमचं आणि मधल्या संस्थेचं, दोन्ही सर्टिफिकेटं असलेली फाइल) पाठवा, ती तशीही जगाला दिसतेच.

मग एनजिनएक्सच्या फाइलमध्ये ‘एसएसएल_सर्टिफिकेट’समोर फुलचेनचा पत्ता आणि ‘एसएसएल_सर्टिफिकेट_की’समोर कीचा पत्ता. फुलचेनच द्यायची, नुसतं सर्टिफिकेट नाही. नुसतं दिलं तर तुमच्या लॅपटॉपवर साइट उघडेल आणि कुणाच्या तरी फोनवर उघडणार नाही, कारण मधल्या संस्थेचं सर्टिफिकेट काही ब्राउझर स्वतः शोधून आणतात, काही आणत नाहीत. शेवटी ‘एनजिनएक्स -टी’ देऊन फाइल तपासा आणि रीलोड करा.

पायरी पाचवी: रिन्यूअल खरंच होईल का, हे आजच पाहणं

दोन महिने वाट पाहून कळण्यापेक्षा आत्ता एकदा जबरदस्तीने करून बघा:

ॲक्मी.एसएच --रिन्यू -डी एक्झाम्पल.कॉम --फोर्स

फक्त एकदाच, सातातल्या पाचांची मर्यादा लक्षात ठेवून. त्यानंतर फोल्डर पाहू नका, बाहेरून साइट पाहा. ब्राउझरमध्ये सर्टिफिकेटची सुरुवातीची वेळ आत्ताची दिसली तर साखळी पूर्ण जोडली गेली आहे. हीच तपासणी टर्मिनलवरून:

इको | ओपनएसएसएल एस_क्लायंट -सर्व्हरनेम एक्झाम्पल.कॉम -कनेक्ट एक्झाम्पल.कॉम:४४३ | ओपनएसएसएल एक्स५०९ -नोआउट -डेट्स

‘ॲक्मी.एसएच --लिस्ट’ दिलं की कोणती डोमेनं आहेत आणि पुढचं रिन्यूअल कधी ते दिसतं. ही यादी उपयोगाची आहे, पण ती स्क्रिप्टला काय वाटतं ते सांगते. लोकांना काय दिसतं ते वरची कमांड सांगते. त्या सकाळी आमच्या यादीत सगळं ठीकच दिसत होतं.

पायरी सहावी: राखणदार

मुदत संपत आली की लेट्स एन्क्रिप्ट पूर्वी मेल पाठवत असे. ४ जून २०२५ पासून ते बंद झालं. आता आठवण करून देणारं कुणी नाही, ते आपणच उभं करायचं.

त्यासाठी दहा ओळींचीही स्क्रिप्ट लागत नाही. वरच्याच कमांडमध्ये शेवटच्या ‘-डेट्स’ऐवजी ‘-चेकएंड १२०९६००’ लिहा. हा आकडा म्हणजे १४ दिवसांचे सेकंद. सर्टिफिकेट तेवढ्या मुदतीत संपणार असेल तर कमांड अपयशी ठरते. साइट मुळात उघडलीच नाही तरी अपयशीच ठरते, आणि तेही आपल्याला हवंच आहे. अपयश आलं तर मेल किंवा टेलिग्रामवर संदेश पाठवा, अशी अट लिहून ती क्रॉनमध्ये रोज सकाळी लावून द्या.

ही तपासणी त्याच सर्व्हरवर ठेवू नका. तो सर्व्हर बंद पडला, त्याचा क्रॉन थांबला, तर राखणदारही झोपणार. घरातला जुना लॅपटॉप, रास्पबेरी पाय, मित्राचा सर्व्हर, काहीही चालेल. आमची तपासणी वाचनालयाच्या काउंटरवरच्या संगणकावर चालते, कारण तो रोज सकाळी आठला सुरू होतोच.

ॲक्मी डॉट एसएचला स्वतःचा निरोप पाठवायची सोयही आहे, ‘--सेट-नोटिफाय’. तीही लावा. फक्त तिच्यावर एकटीवर विसंबू नका, कारण स्क्रिप्ट चाललीच नाही तर निरोपही येणार नाही.

वाटेतले खड्डे

एएएए रेकॉर्ड. सर्व्हर बदलताना लोक ए रेकॉर्ड बदलतात आणि आयपीव्ही६ चा (नव्या, लांब आयपी पत्त्यांचा) एएएए रेकॉर्ड जुन्याच सर्व्हरकडे राहतो. आपल्या घरच्या नेटवर आयपीव्ही६ नसेल तर साइट व्यवस्थित दिसते. लेट्स एन्क्रिप्ट मात्र आधी आयपीव्ही६ ने जातं, जुन्या सर्व्हरवर पोहोचतं आणि तिथे खूण सापडत नाही. ‘सगळं बरोबर आहे तरी ४०४ येतोय’ म्हणणाऱ्याला मी पहिला प्रश्न हाच विचारतो.

देशाबाहेरची अडवणूक. साइट इथल्याच लोकांसाठी आहे म्हणून काही जण फायरवॉलमध्ये भारताबाहेरून येणारं सगळं अडवतात. फेब्रुवारी २०२० पासून लेट्स एन्क्रिप्ट जगातल्या वेगवेगळ्या ठिकाणांहून खूण तपासतं, म्हणजे एका ठिकाणचा रस्ता कुणी पळवला असला तरी फसगत होऊ नये. तुम्ही परदेश बंद केलात तर तपासणी फसणारच. त्यांचे आयपी ते जाहीर करत नाहीत, म्हणून तेवढ्यांनाच सूट देणंही शक्य नाही. पोर्ट ८० वर ‘.वेल-नोन’चा रस्ता सर्वांना खुला ठेवा, किंवा खाली सांगितलेली डीएनएसची वाट धरा.

सीएए रेकॉर्ड. डोमेनच्या नोंदींत ‘सर्टिफिकेट फक्त अमक्याकडूनच’ असं पूर्वी कुणी लिहून ठेवलं असेल तर इतरांकडून नकार येतो. संस्थेचं डोमेन दुसऱ्या कुणाकडून तुमच्या हाती आलं असेल तर हे पाहून घ्या.

आणि एक गोष्ट खड्डा नाही, पण माहीत हवी. दिलेलं प्रत्येक सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदवहीत जातं आणि कुणीही ती चाळू शकतो. तेव्हा ‘पगार’, ‘चाचणी’, ‘गुप्त’ अशा नावांची उपडोमेनं करून सर्टिफिकेट घेतलंत, तर ती नावं त्या क्षणापासून जगजाहीर. आतली पानं पासवर्डनेच सांभाळायची, नाव लपवून नाही.

सगळ्या उपडोमेनांना एकच सर्टिफिकेट

मार्च २०१८ पासून लेट्स एन्क्रिप्ट तारांकित सर्टिफिकेट देतं, म्हणजे ‘*.एक्झाम्पल.कॉम’. त्यासाठी फाइल ठेवून चालत नाही, डोमेनच्या डीएनएसमध्येच ‘_ॲक्मी-चॅलेंज’ नावाचा टीएक्सटी रेकॉर्ड घालावा लागतो. ॲक्मी डॉट एसएचची मला सर्वांत आवडणारी बाजू हीच: शंभराहून जास्त डीएनएस सेवांशी ती स्वतः बोलते, रेकॉर्ड घालते, तपासणी झाली की काढते. क्लाउडफ्लेअर असेल तर ‘सीएफ_टोकन’ आणि ‘सीएफ_झोन_आयडी’ ही दोन नावं एक्स्पोर्ट करायची (ही मोठ्या-लहान अक्षरांत, स्क्रिप्टच्या माहितीपानावर असतील तशीच) आणि ‘-डब्ल्यू’ऐवजी ‘--डीएनएस डीएनएस_सीएफ’ द्यायचं. तारांकित नावासोबत मूळ नावही वेगळं ‘-डी’ देऊन मागा, कारण ताऱ्यात ते येत नाही. ताऱ्याला अवतरणचिन्हांत ठेवा, नाहीतर शेल त्याचा भलताच अर्थ लावतो.

टोकन बनवताना त्या एकाच डोमेनचे डीएनएस रेकॉर्ड बदलण्याइतकीच परवानगी द्या. पूर्ण खात्याची किल्ली देऊ नका. स्क्रिप्ट ते टोकन स्वतःच्या फोल्डरात साठवून ठेवते, सर्व्हर कधी फुटला तर नुकसान तेवढ्यापुरतं राहावं.

.भारत डोमेन असेल तर

देवनागरीतलं .भारत २०१४ पासून मिळतं आणि आपल्याकडे काही संस्था, काही लेखक ते हौसेने घेतात. लेट्स एन्क्रिप्ट अशा नावांना २०१६ पासून सर्टिफिकेट देतं. डीएनएसला देवनागरी कळत नाही, त्यामुळे नावाचं ‘एक्सएन’ आणि दोन डॅशने सुरू होणारं रूप तयार होतं. त्याला प्युनिकोड म्हणतात. स्क्रिप्टला देवनागरी नाव दिलं तर ती रूपांतर करायला ‘आयडीएन’ नावाचं साधन शोधते. ते नसेल तर बसवा, किंवा सरळ प्युनिकोड रूपच द्या. मी दुसरं करतो, कारण क्रॉनमध्ये आणि एनजिनएक्सच्या फाइलमध्येही मग तेच एक रूप राहतं. ऱ्हस्व-दीर्घ मात्र दोनदा तपासा. वेलांटी बदलली की ते वेगळंच डोमेन होतं.

सर्व्हर बदलताना

नव्या सर्व्हरवर जाताना ‘.ॲक्मी.एसएच’ हा अख्खा फोल्डर उचलून नेता येतो. खातं, डोमेनांच्या नोंदी, रीलोडची कमांड सगळं त्यात असतं. सर्टिफिकेटं ठेवायचा फोल्डर नव्या ठिकाणी आधी बनवून ठेवा आणि ‘--इन्स्टॉल-सर्ट’ पुन्हा एकदा चालवा. फक्त क्रॉनची ओळ त्या फोल्डरात नसते. ती वेगळी घालावी लागते, ‘ॲक्मी.एसएच --इन्स्टॉल-क्रॉनजॉब’ देऊन.

मागच्या वर्षी वाचनालयाचा सर्व्हर बदलला तेव्हा मी नेमकी तीच ओळ विसरलो. आषाढातल्या एका सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी काउंटरवरच्या संगणकाचा संदेश टेलिग्रामवर आला: १४ दिवस. ऑफिसला जाता जाता लोकलमध्येच फोनवरून लॉगिन केलं, क्रॉनची ओळ घातली, ‘--क्रॉन’ एकदा हाताने चालवलं आणि बाहेरून तारीख तपासली. काकूंना फोन करायची वेळ आली नाही.